उचलून ठेवलेला आवाज

आता तिचं नाव घ्यायला हरकत नाही. वर्ष सरलं, स्मरणाचं जेवण झालं, वाटावाटी झाली. आता एल्विना म्हटलं तरी कुणी डोळे वटारणार नाही. वर्षभर आम्ही तिला 'ती' म्हणत होतो, 'जी गेली ती' म्हणत होतो, आणि शाळेच्या बैठकीत तर 'आपल्या त्या आवाजवाल्या बाई'. मला त्या शब्दाचा असा संताप यायचा! जिवंतपणी कुणी तिला बाई म्हटलं असतं, तर तिनं आधी काठी दाखवली असती आणि मग नाव विचारलं असतं.

अमेरिकेतल्या कोलंबिया नदीच्या काठावरच्या आमच्या मूळनिवासी वस्तीत आमची भाषा समजणारी चार-दोन म्हातारी माणसं होती, पण घडाघडा बोलणारी एल्विना एकटीच उरली होती. मी जोनेल. वस्तीच्या बालवाडीतले संगणक मी बघते, म्हणजे प्रिंटर अडला की मी, वायफाय गेलं की मी, आणि कुणाचा पासवर्ड हरवला की शिव्या खायलाही मीच. बालवाडीला टॅब मिळाले तेव्हा त्यांत भाषेचे धडे भरायचं काम आपसूक माझ्याच गळ्यात पडलं. धडे साधेच होते. चित्रावर बोट ठेवलं की एल्विनाचा आवाज यायचा, त्या वस्तूचं नाव सांगायचा, मग एखादं वाक्य, आणि पोरानं तिच्या मागून म्हणायचं.

आमच्याकडे कुठला स्टुडिओ! बालवाडीतली पांघरुणं ठेवायची खोली होती, तिच्या भिंतींना मी ब्लँकेटं टांगली आणि मधे खुर्ची टाकली. भर उन्हाळ्यात एल्विना तिथे बसून बोलायची. तिची खालची कवळी सैल होती, त्यामुळे काही शब्दांना बारीक शिट्टी वाजायची. शिवाय बोलायच्या आधी ती नाकानं एक लांब श्वास ओढायची, पाण्यात उडी मारण्याआधी ओढतात तसा. पहिला धडा मी संगणकावर नीट साफ केला, शिट्टी काढली, श्वास काढले आणि मोठ्या ऐटीत तिला ऐकवला.

"ही कोण सटवी?" ती म्हणाली.

"तुम्हीच की, मावशी."

"मी नाही. हिला नाकच नाही! माणूस श्वास घेतं की नाही? पोरं बोलायला माणसाकडून शिकणार, का विमानतळावरच्या भोंग्याकडून?"

"पण कवळीची शिट्टी ऐकू येत होती ना..."

"येऊ दे की. माझी कवळी आहे, चोरून नाही आणलेली."

मी हात टेकले. सगळं होतं तसं ठेवलं. एका धड्यात तर मधेच ती माझ्यावरच खेकसली आहे, ब्लँकेट सरळ टांग म्हणून. पोरांना तो धडा सगळ्यात आवडायचा.

आता जूनीचं सांगते. जूनी माझ्या मुलीची मुलगी. तिची आई यॅकिमाला इस्पितळात कामाला आहे, त्यामुळे पोर माझ्याकडेच वाढली. तीन वर्षांची झाली तरी ती बोलत नव्हती. बोटानं दाखवायची, ओढत न्यायची, फार तर 'हं' करायची. डॉक्टरनं कान तपासले, ठीक निघाले. शेजारणी म्हणायच्या, बोलेल गं, घाई काय आहे. बोलायला काय जातं त्यांचं? माझा जीव टांगणीला लागला होता.

बालवाडीत टॅब आले आणि जूनी त्याला चिकटली. एल्विना तिथे शब्द कितीही वेळा सांगायची, न कंटाळता, न चेहऱ्याकडे बघता, आणि मला वाटतं पोरीला तेच हवं होतं. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे आशेनं बघत राहायचो ना, त्यानंच तिला धसका बसला असावा. मग एका संध्याकाळी मी बटाटे सोलत असताना मागे कुणीतरी नाकानं लांब श्वास ओढला, आणि आमच्या भाषेत, शिट्टीसकट, पाणी मागितलं. मी दचकून वळले. एल्विना कधी आली म्हणून बघते तर जूनी उभी, हात पुढे करून.

माझ्या आजीनं माझ्या आईला ही भाषा शिकवली नाही, पोरीला शाळेत मार बसू नये म्हणून. माझ्या आईनं मला शिकवली नाही, कारण तिला येतच नव्हती. आणि माझ्या नातीनं तोंड उघडलं ते नेमकं याच भाषेत! मी पाणी द्यायचं विसरून तिथेच जमिनीवर बसून रडले. तिनं परत मागितलं, जरा वैतागून, अगदी एल्विनासारखं.

त्यानंतर पोरगी सुटलीच. सकाळ-संध्याकाळ बोलायची, मी तिला उत्तर द्यायला अडखळायचे, मग ती कपाळाला आठ्या घालून मला दुरुस्त करायची. एल्विनानं एकदा बालवाडीत ते ऐकलं आणि हसता हसता तिला ठसका लागला. "ही माझी कवळी घालून बोलतेय गं!" ती म्हणाली. "मी मेले तरी हिच्या तोंडात शिट्टी वाजत राहणार बघ."

सामन मासे नदीत वर येतात त्या दिवसांत एल्विना गेली. झोपेतच गेली. तीन दिवस आम्ही लांबघरात होतो. आमची गाणी, प्रार्थना, पंगती सगळं त्या लाकडी लांबघरात होतं. दफन झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिची थोरली बहीण इनेझ बालवाडीत आली. दारातच उभी राहिली, आत यायला तयार नाही.

"तिचं सगळं उचलून ठेवायचं आहे," ती म्हणाली. "कपडे झाले, फोटो झाले. तुझ्याकडचंही उचल."

हे मला नवीन नव्हतं. माणूस गेलं की आमच्यात त्याच्या वस्तू उचलून ठेवतात, फोटो पेटीत घालतात, वर्षभर नाव काढत नाहीत. माझ्या आईचे फोटो मीही असेच ठेवले होते. पण मला वाटलं होतं, हे वस्तूंचं आहे.

"आवाजसुद्धा, मावशी?"

"आवाज आधी."

"अहो, पण पोरं आत्ता कुठे बोलायला लागली आहेत! वर्षभर बंद ठेवलं तर विसरतील सगळं. लहान आहेत ती."

"तिला लांब जायचंय, जोनेल. मागून हाक आली की जाणारा वळतो. तुझी यंत्रं रोज सकाळी तिला बोलायला लावणार. मग ती जाईल कशी?"

"तिनं स्वतःच तर केलेत हे धडे. पोरांसाठी."

"जिवंत होती तेव्हा केले." इनेझचा आवाज चढला नाही. "मीही रात्री उठून तिचा आवाज ऐकला असता की. मला नाही का वाटत? माझी एकच बहीण होती."

मुख्याध्यापिका म्हणाल्या, कुटुंब म्हणेल तसं. कुलूप घालायचा पासवर्ड माझ्याकडेच होता. मी काही पुसलं नाही, एक अक्षर नाही, पण प्रत्येक टॅब हातात घेऊन आवाज बंद केला. चित्रं तशीच राहिली. पोरं माशावर बोट ठेवायची, मासा गप्प. हरणावर ठेवायची, हरीण गप्प. बिघडलं म्हणून माझ्याकडे घेऊन यायची, "आजी, दुरुस्त कर ना." जूनीनं टॅब कानाला लावून बघितला, हलवून बघितला. मग तिनं तो मांडीवर घेतला आणि स्वतःच एकेक शब्द त्याला सांगू लागली, थांबत थांबत, त्यानं मागून म्हणावं म्हणून. मी तिथून उठून प्रिंटरशी काहीतरी करत बसले.

एवढं होऊनही मला धीर होता. आवाज यंत्रात बंद असला तरी पोरीच्या तोंडात चालू होता. घरी ती बोलत होती. मी तोडकंमोडकं उत्तर देत होते. निभावून नेऊ वर्ष, असं मी स्वतःला सांगत होते.

बर्फ पडायच्या आधी कुटुंबानं लांबघरात जेवण ठेवलं. दोन्ही बाजूंना लांब चटया, त्यावर सगळी वस्ती बसलेली. आमचं जेवण पाण्यानं सुरू होतं. कुणीतरी वडीलधारं आमच्या भाषेत पाण्याचं नाव पुकारतं, सगळे एकेक घोट घेतात, मगच सामन, हरणाचं मांस, कंद, बेरी यांना हात लावायचा. किती वर्षं हे पुकारायचं काम एल्विनाचंच होतं. त्या दिवशी तिचा मुलगा रसेल पुकारणार होता. धिप्पाड गडी, लाकूडतोडीच्या कामावरचा. तो उभा राहिला, पेला उचलला, आणि त्याच्या तोंडून शब्दच फुटेना. सगळे माना खाली घालून वाट बघत होते. कुणाच्या बांगडीचाही आवाज नाही.

तेवढ्यात माझ्या शेजारी कुणीतरी नाकानं लांब श्वास ओढला.

मी जूनीचा दंड धरेपर्यंत तिनं पुकारलंही. खणखणीत. तोच हेल, तीच शिट्टी, शेवटी तोच थोडा दम लागल्यासारखा सूर. पोरीला वाटलं असणार, रसेलकाकाला आठवत नाहीये, आपल्याला येतंय, सांगावं.

तो क्षण मी मरेपर्यंत विसरणार नाही. रसेलच्या हातातलं पाणी सांडलं. तो मागे न बघता दाराबाहेर निघून गेला आणि त्याच्या मागून त्याची दोन्ही मुलं. समोरच्या रांगेतल्या बायका शालीत तोंड खुपसून हुंदके देऊ लागल्या. एक म्हातारी तर उठून उभीच राहिली, दाराकडे बघत, एल्विना आलीच आहे असं वाटून. आणि इनेझ, ती काठी टेकत चटयांच्या मधून आमच्यापर्यंत आली, कशीबशी वाकली आणि तिनं जूनीच्या ओठांवर बोट ठेवलं.

"आत्ता नको, बाळा," ती म्हणाली. "आत्ता नको गं."

मायेनंच म्हणाली. ओरडली नाही, की पोरीवर हात उगारला नाही. मी तिला दोष देत नाही, निदान आता देत नाही. पण चार वर्षांच्या पोरीला 'आत्ता' म्हणजे काय कळणार? तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं. सगळी ओळखीची माणसं रडत होती, आणि रडायला लागली ती तिच्या एका शब्दानं. तिनं माझ्या शालीत तोंड लपवलं ते घरी पोचेपर्यंत बाहेर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला तहान लागली तेव्हा तिनं बोटानं नळ दाखवला.

मी तिला जवळ घेऊन नाना परींनी समजावलं. तुझं काही चुकलं नाही, तू छान बोललीस, सगळ्यांना तिची आठवण आली म्हणून रडले. ती ऐकून घ्यायची. मी आमच्या भाषेतला एखादा शब्द मुद्दाम चुकीचा म्हणायचे, निदान दुरुस्त तरी करेल म्हणून. ती फक्त दाराकडे बघायची, कुणी उठून जातंय का ते. पुढे पुढे तेही थांबलं.

शेवटी मी तणतणत इनेझकडे गेले. ती खिडकीशी मणी ओवत बसली होती.

"तुम्ही बोला आता," मी म्हटलं. "तुम्हाला सगळं समजतं, मला माहीत आहे. यंत्रात तुमचा आवाज घालते. तुमचा तर उचलून ठेवलेला नाही ना?"

"मला येत नाही बोलता."

"एल्विनामावशी तुमच्याशी आपल्याच भाषेत बोलायच्या. रोज. मी ऐकलंय."

"ती तिच्या भाषेत बोलायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायचे. साठ-सत्तर वर्षं असंच चाललं आमचं." तिनं सुई खाली ठेवली. "पोरं उचलून न्यायला सरकारी निवासी शाळेची गाडी आली तेव्हा मी सात वर्षांची होते आणि ती मांडीवरची. आजीनं तिला घेऊन डोंगरात पळ काढला. दोघींना घेऊन नसतं पळता आलं तिला. मला नेलं. तिथे आपली भाषा बोलले की साबण. कपड्यांचा साबण, जिभेवर. अजून कानात सगळं आहे बघ माझ्या. तोंडात आलं की साबणच लागतो."

इथे कुणीही शहाण्या बाईनं गप्प बसावं. मी नाही बसले. "मग तुमचं तोंड त्यांनी बंद केलं," मी म्हटलं, "आणि माझ्या पोरीचं तुम्ही."

इनेझनं मणी पुन्हा हातात घेतले. मी घरी आले.

आठवड्यानं ती बालवाडीत आली, न सांगता. सरळ पांघरुणांच्या खोलीत गेली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "लाव तुझं ते." मी माइक लावला, समोर पाण्याच्या पेल्याचं चित्र धरलं. ती त्याच्याकडे बघत राहिली. ओठ हलले. मानेच्या शिरा ताणल्या. कपाळावर घाम आला, आणि तो उन्हाळा नव्हता. संगणकावर आवाजाची रेघ सरळच्या सरळ धावत होती. मी बंद करायला हात पुढे केला, तर तिनं मान हलवून थांबवलं. आणखी कितीतरी वेळ बसली. शेवटी तिनं इंग्रजीत म्हटलं, "पुरे कर, पोरी," आणि माझा हात धरून उठली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "कशाबद्दल? खरंच तर बोललीस."

मग वर्ष गेलं. वर्ष जातंच. जूनी शहरातल्या मोठ्या शाळेत जायला लागली. तिथल्या बाई चांगल्या आहेत. त्यांनी तिला बोलतं करायला दुसरा टॅब दिला. त्यात एक गोड गळ्याची मुलगी इंग्रजी बोलायची, न दमता, न श्वास घेता. जूनी तिच्या मागून म्हणू लागली, आधी शब्द, मग वाक्यं. उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत ती घरी येऊन शाळेतल्या भांडणांच्या चहाड्या सांगायला लागली. मला आनंद झाला नाही असं कसं म्हणू? माझी नात बोलत होती. पण तिच्या बोलण्यात कुठलीच शिट्टी नव्हती, आणि मला ते घरभर ऐकू यायचं.

परवा स्मरणाचं जेवण झालं. कुटुंबानं पेट्या उघडल्या. ब्लँकेटं, शाली, मण्यांच्या पिशव्या, सगळं लोकांना वाटून टाकलं. फोटो भिंतीवर आले. एल्विनाचं नाव मोठ्यानं घेतलं गेलं, आणि ते ऐकून लोकांनी मोकळे श्वास सोडले. मग इनेझनं मला खूण केली. "आवाज आण."

मी टॅब चटईवर ठेवला आणि कुलूप काढलं. एल्विना बोलायला लागली. लोक रडले आणि हसलेही. ब्लँकेटावरून मला झापते तो धडा तर रसेलनं पुन्हा लावायला सांगितला, आणि गुडघ्यावर थाप मारून हसला. मी मात्र जूनीकडे बघत होते. ती नव्या बुटांशी चाळा करत होती. मग तिनं मान वर केली, आणि तिच्या चेहऱ्यावर पाहुण्यांचं बोलणं ऐकावं तसा नुसता आदर होता.

"आजी, ही आजी काय म्हणतेय?" तिनं इंग्रजीत विचारलं.

तो लांबचा धडा होता, मलाच पुरता समजत नव्हता. मी इनेझकडे बघितलं. इनेझ सरकत सरकत पोरीजवळ आली.

"ती म्हणतेय, माझ्या मागून म्हण," तिनं इंग्रजीत सांगितलं. "लाजू नको. चुकलं तर चुकलं."

जूनीनं मान हलवली. "नको."

"का गं?"

"मी म्हटलं की माणसं रडतात." तिनं अगदी समजूतदारपणे सांगितलं, मोठ्या माणसानं लहानाला सांगावं तसं. "आणि उठून बाहेर जातात."

म्हणजे विसरली नव्हती. वर्षभर मी समजत होते की पोर विसरली, आणि ती आम्हा सगळ्यांना सांभाळत होती.

इनेझनं तिचे दोन्ही हात धरले. "आता कुणी नाही जाणार. आता चालतं. तू म्हण. बघ, मी मुळीच रडणार नाही."

जूनीनं तिच्या चेहऱ्याकडे नीट निरखून बघितलं. मग स्वतःचा हात सोडवून घेतला आणि झग्याच्या बाहीनं तिचे गाल पुसले, आधी एक, मग दुसरा.

"तुम्ही रडतच आहात," ती म्हणाली. आणि तिनं हात लांब करून टॅब बंद केला.